तीन, एक, दोन

बिराजदार सरांनी कस्तुराबाईच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडवली, डावा डोळा आपल्या तळहातानं झाकला आणि नेहमीच्या घाईनं विचारलं,

"बोटं किती?"

"तीन."

बरोबर होतं. फाईल छातीशी धरून उभ्या असलेल्या प्रतीक्षाचा श्वास जरा मोकळा झाला. डोळ्यांची शस्त्रक्रिया शिकायला ती या दवाखान्यात आली होती आणि कालचा हा मोतीबिंदू तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं काढला होता.

एकटीनं म्हणजे सर मागं होतेच. प्रत्येक पायरीला पाचपैकी गुण देत होते, आणि तेही मोठ्यानं. "चीर, तीन. मोतीबिंदू फोडणं, दोन. अगं, हात आहे की मुसळ? सफाई, दोन." शेवटी हातमोजे काढता काढता म्हणाले, "उद्या हिला दिसलं तर काठावर पास. नाही तर सहा महिने नुसतं शेजारी उभं राहायचं." हिरव्या फडक्याखाली कस्तुराबाई टक्क जागी होती. मोतीबिंदूला डोळा तेवढा बधिर करतात, कानांना कोण सुई देतंय? पण पेशंट ऐकत असतो, हे तिथं कुणाच्या डोक्यात आलं असेल तर शपथ.

"आता?"

"एक."

तेवढ्यात सरांच्या खिशातलं पेन घरंगळलं. ते उचलायला वाकले.

"दोन," समोर बघत कस्तुराबाई म्हणाली.

सरांचा हात तेव्हा खाटेखाली होता.

त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. दारात ईट आणि परंडा या गावांची माणसं न्यायला जीप येऊन थांबली होती, ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला होता. सरांनी पेननं कागदावर खूण केली. "दिसतंय. सुटलीस बघ," ते प्रतीक्षाला म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

प्रतीक्षानं बघितलं होतं. 'सर, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं ते सहा महिने उभे राहिले आणि ती मूग गिळून सरांच्या मागं चालू लागली. एक खाट झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खाटेपाशी तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती काही न सांगता माघारी फिरली.

कस्तुराबाई काळा चष्मा चाचपत होती. प्रतीक्षानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आजी, बोटं किती सांगा."

"तीन. मग एक. मग दोन."

"आजी, मी हात वर केलाच नाही."

 कस्तुराबाई पदर सावरत हळूच म्हणाली, "त्या फडक्याखाली समदं ऐकू येतंय, लेकी. सा महिने उभं करनार व्हता तुजा मास्तर. म्हनलं, पोरीचं वंगाळ कशाला? माजं काय, मेंढरं मला आवाजावरनं बी कळत्यात."

"या डोळ्यानं दिसतंय का काही?"

"धुरकटल्यागत. डाव्याचं बी त्येच. तू हाईस, येवढं कळतंय."

प्रतीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईनं तिच्यासाठी डोळा पणाला लावला होता, आणि तिनं तो लावू दिला होता.

ती सरांपाशी गेली. सगळ्यांसमोरच बोलली, कारण कोपऱ्यात नेऊन सांगायला गेली असती तर पुन्हा कच खाल्ली असती.

"सर, कस्तुराबाईंना दिसत नाही. मला मघाशीच कळलं होतं. मी बोलले नाही."

 सरांनी कस्तुराबाईला खालच्या मजल्यावर डोळे तपासायच्या मशीनवर नेलं. मोतीबिंदूचा बारीकसा तुकडा आत राहिला होता, डोळा सुजला होता. "आजच धुऊन काढला तर नजर येईल," सर म्हणाले. "ही जीपमध्ये बसून गेली असती तर..." पुढचं त्यांनी गिळलं आणि कागदावरची खूण खोडली. प्रतीक्षानं मान खाली घातली. सहा महिने हातचे गेले होते, आणि ते जायलाच हवे होते.

वर परत आणताना सरांनी विचारलं, "पण मावशी, तुम्हाला बोटं कळली कशी?"

"त्यात काय कळायचंय, सायेब? तुमी समद्यास्नी त्येच दावता. तीन, एक, दोन. पैल्या खाटंपासनं ऐकतेय की. आख्ख्या वार्डाला पाठ झालंय."

सर जागच्या जागी थांबले. मग दारालगतच्या खाटेकडे गेले. तिथं परंड्याचे दगडोबा चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन जीप सुटायची वाट बघत बसले होते. त्यांची सुट्टी केव्हाच झाली होती. काल सकाळी त्यांचा डोळा सरांनी स्वतः केला होता, प्रतीक्षाला शेजारी उभं करून. "बघ, हात असा पाहिजे," असं म्हणत.

सरांनी दगडोबांचा चष्मा काढला, दुसरा डोळा झाकला आणि चार बोटं वर धरली.

"बोटं किती, बाबा?"

"तीन," दगडोबा ठासून म्हणाले.

चार बोटं तशीच वर राहिली. प्रतीक्षानं नजर दुसरीकडे वळवली.