मंगळवारचं रडणं

कानाच्या डॉक्टरांनी चारची वेळ दिली होती आणि आम्ही साडेबारालाच अमरावतीला पोचलो. उन्हात कुठे बसायचं, म्हणून सासूबाईंना घेऊन राजापेठेत सहदेवच्या दुकानात गेले. सहदेव माझा धाकटा भाऊ. रेडिओ दुरुस्त करतो, रेकॉर्डी विकतो.

कडेवर माझा देवू, चार महिन्यांचा, रडून लाल. एसटीत शांत झोपला होता. मूर्तिजापूरला गाडी थांबली तशी रडला, सुटली तसा झोपला. अमरावतीला उतरल्यापासून मात्र त्याचं तोंड मिटलं नव्हतं.

"तुया भाच्याले ऐकू येत नाही," सासूबाईंनी शिरताशिरताच सांगून टाकलं. "जलमला तवा कानापाशी थाळी वाजवली, पोरानं पापनी नाही हालवली."

मीही घरी टाळ्या वाजवून पाहिल्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा, डब्याचं झाकण. सगळं तारखेनिशी वहीत लिहिलं होतं. प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द, 'नाही'. वही पिशवीत होती. बसमध्ये मी ती चारदा काढली.

"ताई, तुया वहीलेच भेत असन तो," सहदेव म्हणाला. मग मुंबईहून आलेलं नव्या रेकॉर्डींचं खोकं त्यानं पुढे ओढलं. "हे पाह्य काय पाठवलं. परदेशातलं नवं संगीत म्हने, विजेच्या यंत्रावर बनवते."

त्यानं त्यातली एक रेकॉर्ड लावली. ना गळा, ना तबला. नुसती जाड घरघर, आणि तिच्यात लोखंडावर लोखंड पडत राहिलेलं.

"अरे, हे तं आपलं जीन होय!" सासूबाई म्हणाल्या. "हे आयकाले लोक दुकानात येतात?"

खरंच होतं. अकोल्याला आमच्या क्वार्टरची मागची भिंत म्हणजे जीनची भिंत. माझे यजमान तिथे फिटर. हंगामात सरकीतून कापूस सोडवणारी ती यंत्रं रात्रंदिवस चालतात. आम्हाला तर ती आता ऐकूही येत नाहीत.

देवू गप्प झाला. बघताबघता माझ्या खांद्यावर जड झाला.

"थकला बिचारा," सासूबाई म्हणाल्या.

"माहेच कान किटले," म्हणत सहदेवनं सुई उचलली. देवू दचकून जागा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं.

"ठेव परत."

"तुले आवडलं का काय?"

"ठेव म्हणते ना!"

सुई टेकली. देवू शांत.

"आता उचल."

पुन्हा रडणं. मंगळवारी सुट्टी, जीन बंद असतं, आणि दर मंगळवारी देवू दिवसभर रडतो. सासूबाई मीठमिरच्या ओवाळतात, मी ओव्याचं पाणी पाजते. वहीत मीच लिहिलं होतं, 'मंगळ. पोट दुखतं.'

"पोराले काहून रडवून राहिली वं? माय होय का डाकीन?" सासूबाई ओरडल्या.

"आत्याबाई, थाळी वाजवली तेव्हा जीन चालू होतं का?" मी त्यांना विचारलं.

"चालूच होतं. हंगाम होता ना."

माझ्या टाळ्या, किल्ल्या, झाकण, सगळं त्याच घरघरीत बुडालेलं. पण सहदेवचा हात हलताना देवूला दिसत नसेल कशावरून? मी देवूचं तोंड भिंतीकडे केलं. "पुन्हा लाव. या वेळी हात लावू नको, आपोआप संपू दे."

सहदेवनं सुई टेकवली. तबकडी फिरत राहिली. देवू झोपला. मी त्याच्या ओठांकडे बघत उभी. सासूबाईही पदर तोंडाशी धरून वाकल्या. घरघर विरत गेली, विरली. क्षणभर काहीच झालं नाही.

मग देवूनं ओठ काढला.