फळीला कमी पडलेले दहा सेंटीमीटर

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला लटकलेली ही जुनी रेक्झिनची पिशवी म्हणजे मी. रंग विचारू नका, एके काळी डाळिंबी होता. आज माझ्याकडे बघून कोणाला पटायचं नाही, पण माझं ऐन उमेदीचं आयुष्य मोटारीत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, त्यातली बरीच वर्षं मी एका लाकडी फळीच्या नावानं जळत होते.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तर सालची. प्रभाकर पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे. बिऱ्हाड चिंचवडला. त्यांनी जुनी फियाट घेतली, तिच्या सीटांना नवं रेक्झिन चढवलं आणि उरलेल्या तुकड्यातून त्यांच्या बायकोनं, शुभदाबाईंनी, मला शिवलं. रेक्झिन जाड. मशीनची सुई मोडली तेव्हा बाईंनी मला हातानं दोरा घालून पुरं केलं. डॅशबोर्डखाली डाव्या टोकाला दोन हूक होते, त्यांवर मला टांगलं. लायसन, बॅटरी, पिवळं फडकं, सुपारीची डबी, सगळं माझ्या पोटात. प्रभाकर न बघता हात घालायचे आणि हवी ती वस्तू हाताला लागायची. मी अगदी तोऱ्यात होते.

मग प्रभाकरांच्या खात्यातल्या सुरेंद्ररावांनी गाडी घेतली. तिच्या डॅशबोर्डखाली सामान ठेवायला लांबलचक फळी होती, वर गुळगुळीत मायका. प्रभाकर एकदा त्या गाडीत बसून आले आणि त्यांचं चित्त उडालं. आता माझ्यात हात घालताना ते तोंड वाकडं करायचे. ही पिशवी म्हणजे बाजारहाटाला निघाल्यासारखी दिसते म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुरेंद्ररावांवर जळत होते ते, आणि जागा जाणार होती माझी.

फळी करायचं ठरलं. मापं घ्यायला घरातली शिवणकामाची टेप आली. तिचं पितळी टोक केव्हाच गळून पडलं होतं आणि सुरुवातीचे आकडे झिजून गेले होते. पण प्रभाकरांना त्याची फिकीर नव्हती. कारखान्यात पट्टीचं टोक झिजलं की ते लोक शून्याऐवजी दहापासून धरत आणि आलेल्या मापातून दहा वजा करत. ही युक्ती त्यांनीच घरात आणली होती, आणि शुभदाबाई पोलक्याची मापं तशीच घ्यायच्या.

प्रभाकरांनी स्टिअरिंगच्या बाजूला दहाचा आकडा दाबून धरला. बाईंनी माझ्या शेजारी, दाराच्या बाजूला, दुसरं टोक धरलं. आकडा पंच्याऐंशी होता. मी तिथेच लटकत होते, मला स्वच्छ दिसत होता. बाईंनी नवऱ्याचा त्रास वाचवावा म्हणून मनातच दहा वजा केले आणि सांगितलं, "पंच्याहत्तर." प्रभाकरांनी बायकोला हिशोबाचा ताप नको म्हणून आणखी दहा वजा केले आणि कारखान्याच्या सवयीनं पासष्ट सेंटीमीटरांचे मिलिमीटर करून कागदावर लिहिलं, साडेसहाशे. दोघंही एकमेकांची काळजी घेत होते हो. मला बोलता आलं असतं तरी मी चकार शब्द काढला नसता.

चिंचवडगावातले ज्ञानदेव सुतार ती फळी घेऊन आले ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, मग गाडीनं कारखान्यात मशीनच्या पूजेला जायचं, आणि तिथे सुरेंद्रराव फळी बघणार, असा प्रभाकरांचा बेत. फळी दिसायला देखणी होती, हे मी दात-ओठ खाऊन कबूल करते. सागवानी कड, वर दुधी मायका. प्रभाकरांनी मला हुकावरून ओढून काढलं, पोटातलं सामान सीटवर ओतलं आणि मला जमिनीवर टाकलं. "चाकं पुसायला होईल," असं त्यांनी बाईंना सांगितलं.   एकदा चाकाचं ग्रीस लागलं की पिशवी पिशवी राहत नाही, पोतेरं होतं.

ज्ञानदेवांनी खालून लोखंडी पट्ट्या लावून स्क्रू आवळायला सुरुवात केली. एकेक स्क्रू किरकिरत आत जात होता आणि मला वाटत होतं, काय नशीब बघा! मला दोन हूक, वाऱ्यानं हलणारे. हिला आठ स्क्रू. हिला आता कोण हलवणार?

फळी बसली. आणि डाव्या बाजूला, दारापर्यंत पोचण्याआधीच, संपली. तिथे दहा सेंटीमीटरचं भगदाड. माझे दोन हूक त्यात उघडेच.

प्रभाकर चिडले. ज्ञानदेवांनी खिशातून कागद काढून दाखवला. "सायेब, साडेसहाशे तुमीच लिवलंय. फळी बी तेवढीच हाय."

मग नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. तुम्ही वजा केले? मग तू पण केलेस? दोघांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मी जमिनीवर धुळीत पडून हसत होते. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

प्रभाकर म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढा, नवी करा. ज्ञानदेवांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकला. हत्यारं आता धुऊन पाटावर मांडायची, दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी नम्रपणे पण ठाम सांगितलं आणि ते निघून गेले. ते भगदाड सुरेंद्ररावांना दिसणार म्हणून प्रभाकरांचा जीव अर्धा झाला. तेव्हा शुभदाबाईंनी मला उचललं, झटकलं आणि फळीच्या शेजारी, त्या भोकात, माझ्याच हुकांवर टांगलं.

"उद्यापुरती असू द्या," त्या म्हणाल्या.

उद्यापुरती! ती रात्र मी त्या फळीला खेटून काढली आणि तिला वाळवी लागो असं मनात म्हणत राहिले.

सकाळी झेंडूची माळ घातली, हळदकुंकू झालं, गाडी निघाली. फळीवर बॅटरी, डबी आणि कारखान्याच्या पूजेचा नारळ. पहिल्याच उजव्या वळणाला सगळं सामान त्या गुळगुळीत मायकावरून घरंगळत डावीकडे आलं आणि धप् धप् माझ्या पोटात पडलं. नारळानं माझी शिवण ताणली, पण मी सोडला नाही. बाईंच्या पायावर काही पडलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी सुरेंद्रराव वाकून आत बघत राहिले. त्यांच्या फळीवरून प्रत्येक वळणाला सगळं पायात येतं, अशी त्यांची तक्रार होती. मग त्यांनी मला बोट लावून विचारलं, "ही सोय कोणाच्या डोक्यातली?"

"मुद्दामच दहा सेंटीमीटर सोडले," प्रभाकर शांतपणे म्हणाले. शुभदाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

दसरा झाला, पण फळी कोणी काढली नाही. मी राहिले. पण जळणं काही थांबलं नाही. पाहुणे फळीचं कौतुक करायचे, तिला ओलं फडकं फिरायचं, मला नाही. तिच्या हातून निसटलेलं मी झेलायचं आणि नाव तिचं! आणि ते आठ स्क्रू रोज माझ्या डोळ्यांसमोर.

ऐंशीच्या पुढेमागे प्रभाकरांनी ती फियाट तळेगावच्या एका गृहस्थांना विकली. ते चावी घ्यायला आले तेव्हा फळी जागच्या जागी होती. स्क्रूनं बसवलेली वस्तू गाडीबरोबर जाते. फळी गेली, मागे वळून बघायचीही सोय नसलेली. मला मात्र शुभदाबाईंनी जाता जाता हुकावरून अलगद काढलं आणि पदराखाली धरून घरात आणलं.

आज माझ्या पोटात तीच शिवणकामाची टेप आहे. फळी अजून तळेगावच्या रस्त्यांवर हिंडत असेल, याचा मला आजही थोडा हेवा वाटतो. पण मित्रांनो, त्या नारळानं ताणलेली शिवण आता उसवत चालली आहे. शुभदाबाईंना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. त्या रोज मला चाचपतात आणि पुन्हा खिळ्याला अडकवतात. तुमच्यापैकी कोणी इकडे आलं, तर त्यांना तेवढा दोरा ओवून द्या. टाका त्याच घालतील.