अंबुबाई रुसून निघाली

आमचे अज्जा, म्हणजे वडिलांचे वडील गुंडुराव, यांनी माझ्या कामाला आजवर काम म्हटलेलं नाही. मी कॉम्प्युटरवर चित्रं हलवते म्हटलं, तर म्हणाले, "चित्र हलू नये म्हणून आम्ही चाळीस वर्षं ठसा दाबून धरला." लाकडी ठसे कोरून लुगडी छापायचा त्यांचा कारखाना होता. तो बंद पडून वीस वर्षं झाली, ऐट अजून चालू आहे.

आणि नेमका माझा उजवा हात मुरगळला. एका स्टुडिओत नोकरीसाठी सोमवारी दोन मिनिटांच्या कार्टून फिल्मचा स्टोरीबोर्ड दाखवायचा होता. वीस कार्डं, एकेकावर एक प्रसंग, ओळीने भिंतीवर लावली की अख्खी गोष्ट दिसते. गोष्ट घरातलीच. माझी अज्जी अनुसूया एकदा रुसून, ट्रंक उचलून कृष्णराजनगरला माहेरी निघाली होती, एवढंच मला ठाऊक. पुढचं कुणी बोलत नसे. माझ्या गोष्टीतली अंबुबाई नवऱ्याने साराला नावं ठेवली म्हणून निघते, बसस्टँडपर्यंत चालते, बस सुटते. स्टुडिओच्या कमलाक्षी मॅडम ते ऐकून म्हणाल्या होत्या, "बस रोजच सुटते. मग?" त्या 'मग'ने मी हैराण झाले होते. ही नोकरी मला फार हवी होती.

दहा कार्डं हात दुखावण्याआधी झाली होती. पुढची नऊ नाइलाजाने अज्जांना दिली. विसावं कोरं ठेवलं, कारण शेवटच सुचत नव्हता.

अज्जांनी पेन्सिलीला तीनदा टोक केलं आणि दोन दिवस घरात कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. रेषा मात्र अशी की मला हेवा वाटला. ट्रंकेच्या ओझ्याने कलंडलेली अंबुबाई, झाडाखाली टेकलेली अंबुबाई, टांगेवाल्याला हाताने नको म्हणणारी अंबुबाई.

सगळी कार्डं भिंतीवर लावली आणि मी कपाळाला हात लावला. माझी अंबुबाई दहा कार्डं डावीकडून उजवीकडे तरातरा चालली होती. अकराव्यापासून ती उजवीकडून डावीकडे. दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा उलटी.

"अज्जा, सगळं उलटं काढलंय तुम्ही."

"उलटंच काढायचं असतं की. छापल्यावर सरळ होतं."

"हे छापायचं नाहीये."

"मग सुम्ने, उगाच कशाला काढून घेतलीस?"

राग आला, पण त्या रेषांवर रागावणार कसं? शिवाय कॉम्प्युटरवर उलटं सरळ करणं एका बटणाचं काम. मी कार्डं उतरवायला लागले, तशी भाजी निवडत बसलेली अज्जी म्हणाली, "राहू दे गं वेदू. बरोबर काढलंय त्यांनी."

"काय बरोबर? ही बाई परत घरी चाललीय."

"हौदु, घरीच. मी आलेच होते की परत. स्टँड दिसायला लागला आणि ह्यांना द्यायचं उत्तर सुचलं. असं सणसणीत, की ते न देता बसमध्ये चढले असते तर जन्मभर चुटपुट लागली असती. फिरले तशीच, ट्रंक घेऊन."

अज्जा एकाएकी पेन्सिलीचं टोक तपासू लागले.

विसावं कार्ड मी डाव्या हाताने काढलं. घराचा उंबरा, त्यावर अंबुबाई, तोंड उघडलेलं. अज्जांकडून फक्त पाटी सरळ करून घेतली, तीही त्यांनी कुरकुरतच केली.

सोमवारी मॅडम अकराव्या कार्डापाशी थांबल्या. "ही वळली का?" मी सांगितलं. त्या खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, एक तारखेपासून ये. मी दारापर्यंत गेले, तर मागून त्यांनी विचारलं, "पण तिने उत्तर काय दिलं?"

ते मी विचारलंच नव्हतं. घरी येऊन बातमी सांगितली. अज्जीने हातावर गूळ ठेवला. मग विचारलं.

"दारात आले, तर हे चुलीपुढे. धुराने डोळे लाल, स्वतः सार करताहेत. ते बघून उत्तर विसरले बघ." अज्जीने ताटात भात वाढला. "पन्नास वर्षं झाली, अजून आठवत नाही. आठवलं की देणार आणि माहेरी जाणार."

अज्जांनी ताटावरून मान वर केली नाही.

"सावकाश आठव," ते म्हणाले. "मला घाई नाही."