सदर गाऱ्हाणं

"मास्तर, 'हस्तांतरण' म्हटल्यात तर लोक कोयते काढतले," पक्षाचे तालुक्याचे पुढारी भाई, सरपंच परशुराम मास्तरांच्या कानात पुटपुटले. "तुमी लेखक. तुमच्या भाषेत सांगा. ठराव झालो, तर झेडपीचा तिकीट तुमचा."

ग्रामसभा खच्चून भरली होती. बायका ज्या वाळूवर बांगडे सुकवतात, ती हॉटेलला द्यायची होती. मास्तरांनी तीस वर्षं मालवणी कथा लिहिल्या होत्या. पण सरपंच झाल्यापासून 'सदर'शिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. घरी चहासुद्धा 'सदर चहा' झाला होता.

त्यांनी ठरावाचा कागद खिशात घातला, हात जोडले आणि देवळात नारळ ठेवून घालतात तसं, नारळाशिवायच, गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सभा सवयीने म्हणाली. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणायची सोय देवानेच ठेवलेली नाही.

"पोरांका हयच कामधंदो गावांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यासाठी ही वाळू हाटेलाक जांवदे..."

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर सभेला घाम फुटला. घाटावरून नवीन आलेला ग्रामसेवक विनीत मात्र लिहून मोकळा झाला होता: 'एकमताने मंजूर.'

सुकी मासळी विकणारी सुभद्रा ताडकन उठली. ती मास्तरांची चौथीपर्यंतची वर्गमैत्रीण.

"परश्या, माजी मासळी खंय सुकवू रे? तुज्या पुस्तकार?"

मास्तरांना खरंच उत्तर द्यायचं होतं. तोंडातून आलं, "सदर बाब विचाराधीन आहे."

मग सुभद्रानेही हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्येच्या तोंडात कोणाची भाषा शिरली आसा, ती भायर काढ!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमची वाळू आमकाच रवांदे!"

"व्हय म्हाराजा!" सभा गरजली. माइक तोंडासमोर असल्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज मास्तरांचाच आला.

विनीतचं पेन अडलं. "सरपंच, दोन्ही ठराव एकमताने. कुठला खोडू?"



"मास्तर," भाई हळूच म्हणाले, "तिकीट."

मास्तर विनीतकडे वळले.

"पयलो खोड. दुसऱ्याक सूचक सुभद्रा. अनुमोदक..." ते थांबले. "अनुमोदक परशुराम."

भाईंची गाडी धुरळा उडवत गेली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ऊन उतरत होतं, मासळी परतायची होती. बायका लगबगीने वाळूकडे निघाल्या. मागून मास्तर गेले, कडक इस्त्रीच्या बाह्या दुमडून उकिडवे बसले आणि एकेक बांगडा उलटू लागले.

कोणी त्यांना जा म्हटलं नाही.