जुहूचं पाणी

पंचफुलाचा भाऊ बापूराव मुंबईत, जुहूच्या एका बड्या हॉटेलात बागकाम करायचा. त्यानं फारच आग्रह केला, म्हणून वऱ्हाडातल्या रिठद गावचा भाजीमळा शेजाऱ्यावर सोपवून ती नवऱ्यासोबत, शालिकरामसोबत, चार दिवस तिकडे गेली.

बापूराव दोघांना समुद्रावर घेऊन गेला. वाळूवर रंगीत छत्र्या होत्या, काळे चष्मे लावलेल्या बाया होत्या. शालिकरामला मात्र नुसतं पाणी दिसत होतं. गावच्या विहिरीत त्याच्यासारखा पोहणारा दुसरा नव्हता.

"नोका जाऊ जी, हे आपली इहीर नोहे," पंचफुला म्हणाली.

"काहून भेतं व? पाणी ते पाणीच," म्हणत तो आत शिरला.

एक मोठी लाट आली आणि त्याचं डोकं दिसेनासं झालं. पंचफुला किंचाळत लुगड्यासकट पाण्यात धावली. पोहणं तिला ठाऊक नव्हतं. बापूरावनं दंडाला धरून मागं ओढलं, तरी ती हाका मारतच राहिली.

किनाऱ्यावर बरंच पुढं एका लाटेनं शालिकरामला वाळूवर आणून टाकलं. तो खारं पाणी ओकत होता. पंचफुलानं धावत जाऊन, सगळ्या साहेबलोकांदेखत, त्याच्या थोबाडीत मारली.

"आखीन मार," तो धापा टाकत म्हणाला, "पण रडू नोको."

तेव्हा कुठं तिला कळलं, आपण रडतोय. परतीच्या गाडीत अकोला येईपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.