माझ्या सवतीचा दौरा

मी एक बॅट आहे, आणि सध्या जळून खाक झाले आहे. खोटं कशाला बोलू?

माझा जन्म मेरठचा. नागपूरहून कॅनडातल्या कनाटा गावी येताना गुणवंतने मला स्वतःच्या कोटात गुंडाळून आणलं. तिथल्या मराठी असोसिएशनच्या पिकनिकला तो मला मिरवायचा. पुढे त्याची लेक मृणाल माझ्यावरच खेळायला शिकली. तिचा पहिला षटकार माझाच.

यंदा मृणालची कॅनडाच्या मुलींच्या नव्या टीममध्ये निवड झाली. टीमचा पहिलाच दौरा, तोही अमेरिकेचा! गुणवंत फोनवर सगळ्यांना सांगत सुटला, "अरे, क्रिकेटची पहिली इंटरनॅशनल मॅच कॅनडा-अमेरिकेचीच! १८४४ सालची!" मी तर मनातल्या मनात बॅगेत जाऊन बसले.

पण हिवाळ्यात मला थंडी बाधू नये म्हणून या नागपूरच्या माणसाने मला बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसला टेकवून ठेवलं होतं. बाहेर काढलं तेव्हा मी सुकून तळापासून अर्ध्यापर्यंत तडकले होते.

"बाबा, इट्स वुड! यू कुक्ड इट!" मृणाल रडायलाच लागली.

"मला वाटलं, गारठेल गं," गुणवंत पुटपुटला.

मग ती आली. गोरीपान, इंग्लिश विलो लाकडाची नवी बॅट. गुणवंतच्या बायकोने, पद्माने, तिला जवसाचं तेल चोळलं. मला आयुष्यभर गोडेतेल, तेही तळणातलं उरलेलं! मृणाल तर तिला उशाशी घेऊन झोपू लागली. माझा नुसता जळफळाट झाला.

नवी बॅट मोगरीने ठोकून मुरवावी लागते, नाहीतर वेगवान चेंडूने फुटते. गुणवंतने माझा तडकलेला भाग करवतीने कापला. मूठ आणि थोडं लाकूड उरलं, त्याचीच मोगरी केली.

पहिला ठोका मी जीव खाऊन हाणला. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये सवतीला बडवायचं, यापरतं सुख नाही. फूट एकदाची! पण मेली फुटेना. आधी बद्द वाजणारी ती हळूहळू खणखणीत वाजू लागली. मी जितकी चिडत होते, तितकी ती पक्की होत होती.

"बाबा, शी इज रेडी!" मृणाल ओरडली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आज दोघी अमेरिकेत आहेत. मी गॅरेजमध्ये खिळ्याला लटकलेली. आत टीव्हीवर मॅच लागली आहे. टण्णकन आवाज येतो, पद्मा टाळ्या पिटते, "काय बॅट आहे!"

वाचकहो, तिचं कौतुक तुम्हीही खुशाल करा. पण तिला एवढं कुणी बडवलं, हे एकदा तरी विचारा हो.