चारशे ग्रॅम

रेनकोटची बाही मनगटाशी गाठ मारून बंद केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. शिवणीतून थेंब आला, तर डोंगरावरही तिथूनच येणार. माझा धंदाच हा. सॅक, तंबू, रेनकोट दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकं म्हणतात, "अहो बाई, हवामान खात्याने चार दिवस स्वच्छ ऊन दाखवलंय." मी म्हणते, सांगणारा खाली खुर्चीत बसलाय, वर तुम्ही जाणार आहात.

"आई, पुरे ना. तिसऱ्यांदा ओततेयस," लेक म्हणाली.

"गप बस. भिजलीस की आईच आठवेल."

उद्या सकाळी ती चार दिवसांसाठी डोंगरावर चालली होती, होणाऱ्या नवऱ्याबरोबर. तो शाळेत गणित शिकवतो, म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. पोरगा गुणी आहे, फक्त प्रत्येक गोष्टीचा भागाकार करतो. हिचे बाबा डोंगरावर गेले तेव्हा ही तीन वर्षांची होती. त्यानंतर वीस वर्षं मी हिला त्या वाटेला फिरकू दिलं नाही. या वेळी तिने विचारलंच नाही, सरळ सांगितलं. मग काय करते? बसले तयारीला.

दुकानामागच्या खोलीत पलंगभर पसारा होता. सुती कपडे मी केव्हाच बाजूला भिरकावले. ते एकदा भिजले की वाळत नाहीत, अंगातली ऊब तेवढी खातात. लोकरीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर घट्ट रबर लावलं.

"ढग उतरायला लागले तर?"

"मागे फिरायचं. पाठ झालंय गं आता." तिने फोन माझ्यासमोर धरला. "हे बघ, मास्तरांची यादी. ओझं अगदी निम्मं निम्मं. तंबूचं कापड त्याच्याकडे, पोल माझ्याकडे. गॅस त्याच्याकडे, शेगडी माझ्याकडे. मीच सुचवलं त्याला. तू आणि बाबा असंच करायचात ना? फोटोत तू सॅकमध्ये पोल भरताना दिसतेस."

हातातली बाही सुटली. पाणी फरशीभर झालं.

"असं न्यायचं नाही!" मी केवढ्याने तरी ओरडले. "अख्खा तंबू तुझ्या सॅकमध्ये जाईल, नाहीतर तू जाणार नाहीस!"

"अगं, एवढं काय अंगावर येतेस? उगाच ओझं..."

मी कपाट उघडलं. चेनच्या डब्यांमागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेले पोल होते. ते काढून तिच्यासमोर ठेवले.

"हे बाबांच्या तंबूचे? पण तंबू तर वादळात उडाला ना?"

"उडाला नाही. खोटं सांगत आले तुला. तो लावलाच नव्हता. हे माझ्या सॅकमधून माझ्याबरोबर खाली आले."

ती पलंगाच्या कडेवर बसली. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"दुपारी ढग आले. मी म्हटलं, खाली चल. तो म्हणाला, अर्ध्या तासात उघडेल, नाही उघडलं तर इथेच तंबू टाकू. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. 'राहा मग, मसणात जा' असं मी म्हणाले आणि एकटीच निघाले. खाली चहाच्या टपरीवर स्वेटर काढायला सॅक उघडली, तर हाताला पोल लागले. मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. हसले मी. म्हटलं, आता कसा राहतोस, येशील झक मारत. चहा सांगितला आणि तासभर वाट बघत बसले."

"मग?"

"मग गारा. धावले वर, पण समोरचं काही दिसेना. लोकांनी ओढून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला. तंबूचं कापड अंगाभोवती गुंडाळून बसला होता. ते कापड मी शिवलेलं. एक टाका उसवला नव्हता."

तिने पोल उचलले, हातावर तोलले.

"किती भरतात?"

"चारशे ग्रॅम. दुकानातल्या काट्यावर किती वेळा ठेवलेत, देव जाणे."

"एवढंच?"

"एवढंच."

ती माझ्याजवळ आली नाही, रडली नाही. पलंगावरचं नव्या तंबूचं कापड, त्याचे पोल, शेगडी, गॅसचा एक डबा, सगळं स्वतःच्या सॅकमध्ये कोंबलं आणि मास्तरला फोन लावला. "तू तुझा वेगळा अख्खा तंबू घे. होऊ दे जड. नाही रे, भांडले नाहीये. भांडलो तर, म्हणून."

फोन ठेवून तिने फडकं घेतलं आणि फरशी पुसू लागली. पुसता पुसताच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो चहा न घेता तू तशीच वर गेली असतीस तर?"

हे वीस वर्षं मीच मला विचारतेय. इतकी वर्षं मी उत्तराला बगल दिली. तिला मात्र मला बगल देता येईना.

"पोचले असते," मी म्हणाले. "तेव्हा वाट दिसत होती."

मग तिने फडकं पिळलं, रेनकोट उचलला, बाहीची गाठ पुन्हा आवळली आणि ती माझ्यासमोर धरली.

"ओत," म्हणाली.

मी ओतलं. शिवणीतून काही आलं नाही, तरी आम्ही दोघी कितीतरी वेळ तिथेच बघत बसलो.